भिंतीतलं दार

दांडिया बाजार, बडोदे
११ नोव्हेंबर २०२४

यशश्री,

आशीर्वाद लिहिणार होते, पण ते कोणत्या तोंडाने द्यावेत हे ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच टाकून दिलंस तरी मी समजून घेईन. फोडलं असशील तर आधी एवढं सांगते, की सलीलला या पत्राची खबर नाही आणि तुला परत बोलवायला म्हणूनही हे लिहिलेलं नाही.

काम साधं आहे. खंडेराव मार्केटजवळ भक्तीताईंचं पिको-फॉलचं दुकान आहे, तुला आठवत असेल. त्यांची बहीण करजणला असते. तिने सांगितलं की तू तिकडे रंगाच्या दुकानात आहेस आणि शेड मिसळायचं मशीन तूच चालवतेस. ऐकून बरं वाटलं. मला रंगाबद्दलच विचारायचं आहे.

सलीलची गोरव्याच्या कारखान्यातली नोकरी गणपतीच्या सुमारास सुटली. तेव्हापासून तो घरीच असतो, कॉम्प्युटरवर ड्रॉइंगची किरकोळ कामं करतो. दिवाळीत त्याने प्रोजेक्टर घेतला. पडदा नको म्हणतो, हॉलची भिंतच पडदा करायची. टेबलावर यंत्र ठेवून लावून पाहिलं, तर आपल्या पिस्ता रंगावर सगळ्या माणसांची तोंडं कावीळ झाल्यासारखी दिसली. कॅलेंडरचा खिळा बरोबर नायकाच्या कपाळात. तुझ्या सासऱ्यांनी हौसेने निवडलेला तो रंग आता त्यांच्याच मुलाच्या, सलीलच्या डोळ्यांत खुपतो. रंगारी एक सांगतो, मोबाईलवरचे व्हिडिओ दुसरंच सांगतात. तो पांढरा म्हणतो, मग राखाडी म्हणतो, मग दोन दिवस बोलतच नाही. घरात दोघंच माणसं असली की एकाची चिडचिड दुसऱ्यालाच सोसावी लागते, हे तुला मी काय सांगायचं. कोणता रंग लावावा एवढं तू कळवलंस तर काम एकदाचं मार्गी लागेल आणि घरात शांतता होईल.

फोन का केला नाही असं तुझ्या मनात येईल. ऑगस्टमध्ये मला बँकेच्या नावाने एक फसवणुकीचा फोन आला होता. तेव्हापासून सलीलने माझा फोन स्वतःकडे ठेवला आहे. काळजीपोटीच. उत्तर दिलंस तर भक्तीताईंच्या दुकानाच्या पत्त्यावर दे. मंगळवारी आणि शुक्रवारी भाजीला जाते, तेव्हा घेईन.

तब्येतीला जप.

निरुपमा


करजण
१६ नोव्हेंबर २०२४

तुम्हाला आता काय म्हणून हाक मारावी ते कळेना, म्हणून मायना सोडला आहे.

पत्र मी फाडणारच होते. पण प्रश्न रंगाचा होता, आणि रंगाचा प्रश्न घेऊन काउंटरवर कोणीही आलं तरी मी उत्तर देतेच. तेवढ्यापुरतं हे लिहिते.

चमक असलेला कुठलाही रंग नको. दिव्याचा झोत पडला की मधोमध पांढरा डाग उठतो. अगदी मॅट घ्या. हॉलमध्ये दिवसा बघणार असाल आणि पडदे लावूनही उजेड आत येत असेल तर फिकट राखाडी, म्हणजे काळा भाग काळा दिसतो. यंत्र लहान असेल तर राखाडीवर चित्र मंद दिसेल, तेव्हा साधा पांढरा बरा. रंगापेक्षा भिंत महत्त्वाची. जुना रंग घासून पुट्टीचे दोन हात, मग बारीक पॉलिशपेपरने घासून घ्या. एक दिवा भिंतीला अगदी लागून आडवा धरायला सांगा, खड्डे आणि उंचवटे लगेच दिसतात. ब्रश नको, रोलर. चित्राच्या चारी बाजूंनी काळी पट्टी मारली तर कडा उठून दिसतात.

आता एक अडचण. हॉलच्या त्या भिंतीत कोठीच्या खोलीचं दार आहे. ते मी विसरलेले नाही. चित्र एवढं मोठं हवं असेल तर ते दारावर पडणारच. ती खोली रिकामीच असेल, तर कडी-हँडल काढून भोकं बुजवा, दारालाही पुट्टी करून भिंतीचाच रंग द्या आणि चौकटीच्या फटीवर पट्टी चिकटवून वरून रंग मारा. मग दार आहे हे कोणाला कळणारही नाही. मात्र दार पुन्हा उघडायचं नसेल तरच हे करा.

सलीलला माझं नाव सांगू नका.

यशश्री


बडोदे
२ डिसेंबर २०२४

यशश्री,

तुझं पत्र पिशवीत कोथिंबिरीखाली ठेवून घरी आणलं आणि दुसऱ्या कागदावर माझ्या अक्षरात उतरवून काढलं. भक्तीताईंच्या ओळखीच्या रंगाऱ्याने सांगितलं, असं सलीलला सांगितलं. त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, "हा माणूस शहाणा दिसतो." मला हसू आलं, पण तोंड फिरवून घेतलं.

भिंत झाली. फिकट राखाडी. आडवा दिवा धरायची युक्ती रंगाऱ्यालाही माहीत नव्हती. कडी-हँडल काढलं, भोकं बुजवली. दार अधूनमधून उघडावं लागतं म्हणून फटीवर पट्टी लावली नाही, फटीच्या दोन्ही कडांवर नुसता रंग मारला. काम झाल्यावर रंगारी मागे सरकून म्हणाला, "बा, हवे तो खबर ज नहीं पडे के अहीं दरवाजो छे." खरंच तिथे दार आहे हे कळत नाही. मलाच हाताने चाचपावं लागतं.

सलील खूश आहे. कितीतरी महिन्यांनी त्याने मित्रांना घरी बोलावलं. दर रविवारी दुपारी चौघं-पाचजण येतात. प्रकाशाच्या वाटेत येतो म्हणून छताला टांगलेला हिंचका काढावा लागला, पण त्याच्या कड्या कुरकुरायच्याच. माझंही तो बघतो. मागच्या रविवारी पिक्चर सुरू करण्याआधी माझ्यासाठी खिचडी करून ठेवली होती. "आई, तुझ्या डोळ्यांना त्रास होईल, तू पडून राहा," म्हणतो. आवाजाचे खोके त्याच भिंतीला टेकवले आहेत. मारामारी लागली की माझ्या कॉटचे पायसुद्धा थरथरतात. मी अजून एकही पिक्चर पुढून पाहिलेला नाही, पण भिंत फार छान झाली आहे. तुझे आभार मानायला हे पत्र.

थंडी सुरू झाली आहे. करजणला आमच्यापेक्षा जास्त असेल.

निरुपमा


करजण
६ डिसेंबर २०२४

पुढून पाहिलेला नाही म्हणजे काय?

त्या भिंतीच्या मागे कोठीशिवाय काही नाही. तिथे कॉट मावायची तर ट्रंका बाहेर काढाव्या लागतील. वरच्या जाळीतून बाथरूमच्या पाइपांचा वास येतो. तिथे खिडकी नाही हे मला तुमच्यापेक्षा जास्त चांगलं माहीत आहे.

तुम्ही कुठे झोपता? तुमच्या खोलीत कोण आहे? ते दार "अधूनमधून" कोणाला उघडावं लागतं?

मी लिहिलं होतं, ती खोली रिकामीच असेल तर दार बुजवा. रिकामी आहे की नाही ते तुम्ही लिहिलं नव्हतंत, हे आत्ता माझ्या लक्षात आलं.

यशश्री


बडोदे
२० डिसेंबर २०२४

यशश्री,

तू विचारलंस, म्हणून सांगते. सप्टेंबरपासून मी कोठीत आहे. सलीलला कामाला स्वतंत्र खोली हवी होती, माझ्या खोलीत उजेड चांगला आहे, म्हणून मीच म्हटलं, घे. म्हणजे त्याने विचारलं, आणि मग मीच म्हटलं. चार दिवसांची गोष्ट, असं दोघांच्याही मनात होतं.

हे तुला लिहिलं नसतं. पण मागच्या रविवारी एक झालं, आणि ते मी कोणाजवळ बोलले नाही तर माझं डोकं फिरेल.

दीड वाजता ते सगळे जमले. सलील म्हणाला, "आई, आता दार लावून घे, अडीच तासांचा आहे." मी आत आले. दाराला आतून धरायला त्याने एक छोटी लाकडी मूठ बसवून दिली होती. अर्ध्या तासाने मला बाथरूमला जावंसं वाटलं. थांबले. मध्ये उठून गेलं की झोत सरळ डोळ्यांवर येतो, काही दिसत नाही, आणि सगळे "काकी, काकी" करतात. मागे एकदा मी अशी गेले होते, तेव्हा एकाने माझ्या अंगावर पडलेल्या चित्राचा फोटो काढला होता. गमतीनेच. तरी परत नको वाटतं.

पण अर्ध्या-पाऊण तासाने थांबवेना. मूठ धरून ओढलं, तर दार हललंच नाही. नवा रंग चौकटीला धरला होता. जोर लावला आणि मूठ हातात आली. मग थापा मारल्या. हाका मारल्या. बाहेर गोळीबार चालू होता, माझी थाप त्यातच जमा. एकदा बाहेर अचानक शांत झालं, तेव्हा मी जोरात "सलील" म्हटलं. कोणीतरी हसलं. त्यांना वाटलं असेल पिक्चरमध्येच कोणी हाक मारली.

जे व्हायचं ते झालं, यशश्री. सहासष्टाव्या वर्षी. मी जुनी चादर घेऊन फरशी पुसली, साडी बदलली आणि ओलं सगळं ट्रंकेमागे दडपलं. चार वाजून गेल्यावर दिवे लागले. सलीलने बाहेरून खांद्याने ढकललं तेव्हा दार सुटलं.

"आवाज द्यायचास ना," तो म्हणाला.

"दिला."

"साउंड होता ना, आई. कसं ऐकू येणार?"

त्याला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मूठ घट्ट करून दिली, दाराची कड घासून दिली आणि दुसऱ्याच दिवशी बिनवायरची बेल आणली. तिचं बटण माझ्या उशाशी. दाबलं की बाहेर यंत्राजवळ लाल दिवा लागतो, मग तो पिक्चर थांबवणार आणि मी यायचं. पण मी बटण दाबत नाही. पाच बापे भिंतीकडे बघत बसणार आणि मी त्या भिंतीतून बाहेर येणार, ते मला जमत नाही. त्यापेक्षा रविवारी सकाळपासून पाणीच पीत नाही.

त्याला बोलावं तर तो म्हणतो, "आता आपण दोघंच आहोत, आई. तूही तक्रार केलीस तर मी कुणाकडे बघू?"

तुला त्या खोलीची आठवण आली हे मला समजलं. त्या दुपारी तू आत होतीस तेव्हा मला काही ऐकू आलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात होते. ऐकू आलं असतं तर कडी काढली असती.

निरुपमा


करजण
२४ डिसेंबर २०२४

तुमचं पत्र वाचून मी दुकानाच्या मागे जाऊन बसले. शेठ विचारायला आले, तेव्हा टर्पेंटाइन डोळ्यात गेलं म्हणून सांगितलं.

तुमच्यावर जे आलं ते कोणावर येऊ नये. आणि त्यात माझा हात आहे. हँडल काढा, भोकं बुजवा, हे मी लिहिलं. मला ते बोचतं आहे.

पण शेवटच्या तीन ओळी तुम्ही लिहायला नको होत्या.

तुम्ही स्वयंपाकघरात नव्हता. तुम्ही हिंचक्यावर बसून छुंद्यासाठी कैऱ्या किसत होता. एप्रिलचा महिना होता. माझ्या बाबांचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं आणि मी निघाले होते. सलील म्हणाला, डोकं शांत होईपर्यंत आत बस, आणि त्याने बाहेरून कडी घातली. एक वाजल्यापासून सहापर्यंत. किसणीचा आवाज मला आत ऐकू येत होता. मी हाक मारली की किसणी थांबायची. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा सुरू. मधे बाबांचा फोन आला, तो तुम्ही घेतलात. "ती झोपली आहे," म्हणालात. हे शब्द मी दाराला कान लावून ऐकले.

पुढच्याच आठवड्यात मी घर सोडलं ते सलीलमुळे, असं सगळे समजतात. सलील तसाच आहे हे मला लग्नाच्या वर्षातच कळलं होतं. मी गेले ती त्या किसणीमुळे.

आता कामाचं. त्या दाराच्या बिजागऱ्या खोलीच्या आतल्या बाजूला आहेत, त्यामुळे तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही. सलील बाहेर गेला की मदतीला कोणाला तरी बोलवा, एकट्याने करू नका, दार जड आहे. दार अर्धं उघडून त्याच्या खाली जाड पुस्तक किंवा चादरीची घडी सारा. मोठ्या पेचकसने खालच्या बिजागरीचे स्क्रू आधी काढा, वरचे शेवटी. स्क्रूच्या खाचेत रंग गेला असेल तर सुईने उकरा. दार सुटलं की घडीवरूनच ओढत न्या, उचलू नका.

दार नसलं की कोणी लावून घ्यायला सांगू शकत नाही.

तुम्ही इकडे या, असं मी म्हणत नाही. ते माझ्याने होणार नाही. पण पत्र लिहा.

यशश्री


करजण
२० जानेवारी २०२५

चार आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. उत्तरायण झाल्यावर भक्तीताईंच्या बहिणीकडून त्यांचा नंबर घेतला. त्या म्हणाल्या, तुम्ही नाताळपासून मार्केटमध्ये दिसलाच नाहीत. सलील आता भाजी मोबाईलवरूनच मागवतो, "आईला जिने चढ-उतर नको" म्हणतो. माझं मागचं पत्र अजून त्यांच्याच गल्ल्याखाली आहे.

मी त्यांना सांगितलं आहे की फॉल लावलेली साडी द्यायच्या निमित्ताने तुमच्या घरी जा. दोन्ही पत्रं त्या साडीच्या घडीत घालून देतील. वाचून झाल्यावर काही लिहायला जमलं नाही, तर भक्तीताईंना एवढंच सांगा की मिळालं.

मी रागावलेली आहेच. पण रोज टपालाची वाट बघते आहे, तेही खरं आहे.

यशश्री


भक्तीताईंकडे, खंडेराव मार्केटजवळ, बडोदे
२४ फेब्रुवारी २०२५

यशश्री,

वरचा पत्ता बघून तुला कळलंच असेल. दुकानाच्या वर भक्तीताईंची एक खोली आहे. त्यात शिवणाचं सामान होतं, ते त्यांनी एका कडेला केलं. काल दुपारपासून मी इथे आहे. सगळं क्रमाने सांगते.

साडीच्या घडीतली तुझी दोन्ही पत्रं मिळाली. भक्तीताईंना म्हटलं, एक दिवस तुम्हाला हाक मारीन, पेचकस घेऊन या. त्या काही विचारत नाहीत, हा त्यांचा गुण. अठ्ठावीस जानेवारीला सलीलला गोरव्याला एका कारखान्यात मुलाखतीला जायचं होतं. तो दहाला निघाला. गॅलरीतून मी समोरच्या पानवाल्याला सांगितलं आणि त्याच्या फोनवरून भक्तीताईंना निरोप धाडला. त्या अकराला आल्या. तू लिहिल्याप्रमाणेच केलं. घडी सारली, सुईने खाचा उकरल्या, खालचे स्क्रू आधी. वरचा शेवटचा स्क्रू फिरेना, तेव्हा त्या कॉटवर चढल्या आणि मी त्यांचे पाय धरले. दोघी मिळून एकशे तीस वर्षांच्या. दार सुटलं तेव्हा ते आमच्या अंगावर येतं की काय असं झालं, पण भिंतीला टेकलं. चादरीवरून ओढत गॅलरीत नेलं. मी कितीतरी वेळ कोठीत बसून हॉलकडे बघत राहिले. समोरच्या खिडकीतून थेट माझ्या कॉटवर ऊन आलं होतं.

सलील पाचला आला. नोकरीचं झालं नव्हतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. भिंतीकडे बघून तो बूट न काढताच उभा राहिला.

"दार कुठे आहे?"

"गॅलरीत."

"का?"

"मला लागत नाही."

मला वाटलं ओरडेल. ओरडला नाही. रिकाम्या चौकटीच्या कडा हाताने चाचपत राहिला आणि म्हणाला, "एवढी सुंदर भिंत झाली होती, आई." मला त्याची दया आली. हे लिहिताना लाज वाटते, पण आली.

दुसऱ्या दिवशी त्याने पांढऱ्या चादरीला वरून दांडी घातली आणि चौकटीत ताणून बसवली. चित्र पुन्हा सबंध झालं. मला वाटलं होतं दार गेलं की सुटले. पण आधी निदान दार लावून मी माझ्यापुरती असायचे. आता तेही गेलं. चादरीतून सगळा उजेड माझ्या खोलीत, पिक्चर माझ्या अंगावर, ट्रंकेवर, उलट. खालची अक्षरं उलटी. घरी असेल तेव्हा दिवसभर तो काहीतरी लावून ठेवायचा. कपडे बदलायचे तर मी ट्रंकेमागे वाकून बदलायचे, कारण आत दिवा लावला की माझी सावली चादरीवर पडते. असे पंचवीस दिवस काढले. तुला लिहिलं नाही, कारण तुझी युक्तीही फुकट गेली हे तुला कळवावंसं वाटेना.

काल रविवार. मॅच होती. सहाजण आले होते. मला कोणी काही म्हटलं नाही, आत जा असंही नाही, मी आपणहूनच आत गेले होते. आणि आत बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, की मी सकाळपासून पाणी प्यायलेले नाही. दार नाही, अडवणारं काही नाही, चार पावलांवर बाथरूम, तरी मी पाणी प्यायलेले नाही.

मी उठले. दोन साड्या, गोळ्या, चष्मा आणि तुझी पत्रं पिशवीत घातली. चादरीपाशी आले. चादर हलली असणार, कारण बाहेरून सलीलचा एक मित्र म्हणाला, "काकी, एक मिनिट, ही ओव्हर संपू द्या."

आणि यशश्री, मी थांबले. हे तुला सांगायला नको होतं, पण तसंच झालं. पिशवी हातात धरून मी चादरीमागे सहा चेंडू उभी राहिले. एक वाइड होता, म्हणजे सात. मग कोणीतरी "आता या" म्हटलं. मी चादर बाजूला केली आणि बाहेर आले. झोत डोळ्यांवर आला. बाथरूमला गेले. परत आले ती आत गेले नाही, सरळ पुढच्या दाराकडे गेले आणि चपला घातल्या.

सलील अनवाणी माझ्यामागे जिना उतरला. फाटकापाशी त्याने मला गाठलं.

"कुठे चाललीस? भाजी हवी असेल तर मागवतो."

"भक्तीताईंकडे चालले. राहायला."

त्याला वेळ लागला समजायला. मग म्हणाला, "दार परत लावून देतो मी. हँडलसुद्धा. आजच."

"लाव," म्हटलं.

"मग येशील?"

मी रिक्षाला हात केला. त्याने माझा फोन खिशातून काढून माझ्या हातात ठेवला. तो सदैव त्याच्या खिशातच असायचा, हे मला माहीत नव्हतं. रिक्षा आली, मी बसले. तो तिथेच उभा होता. वरून मित्रांनी त्याला हाक मारली, तरी तो वळला नाही.

आता तुझं देणं. फोन हातात आहे, तरी हे बोलून सांगता येणार नाही, म्हणून लिहिते. किसणी थांबत होती. मीच थांबवत होते. त्या दारातून सगळं ऐकू येतं, हे मी पाच महिने आत राहून शिकले असं तुला सांगता आलं असतं, पण मला ते तेव्हाही ऐकू येत होतं. तू चार वेळा हाक मारलीस. पाचव्यांदा मारली नाहीस, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. कडी माझ्या हातापासून दोन पावलांवर होती. मी उघडली नाही, कारण तू गेलीस तर त्याच्याबरोबर मी एकटी उरणार होते. तो कसा आहे ते मलाही ठाऊक होतं. त्याच्या आणि माझ्यामध्ये कोणीतरी असावं म्हणून मी तुला आत राहू दिलं. तुझ्या बाबांना खोटं सांगितलं तेही त्यासाठीच.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर तेवढंही ओझं नको. फक्त खरं काय ते तुझ्याजवळ लिहून असावं.

निरुपमा


करजण
२७ फेब्रुवारी २०२५

पत्र आज मिळालं. दुकानात वाचलं, मग घरी आल्यावर पुन्हा वाचलं.

तुम्ही चार हाका लिहिल्या आहेत. पाचवीही मी मारली होती. आवाज फुटला नव्हता, म्हणून तुम्हाला पोचली नसेल.

माझे बाबा त्या ऑपरेशनमधून बरे झाले आणि नंतर दोन वर्षांनी गेले. मी तेव्हा का आले नाही हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. ते शेवटपर्यंत हेच समजत राहिले की मी झोपले होते. हे तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. तुमच्या पत्रातलं खरं तुम्ही माझ्याजवळ ठेवलंत, तर माझ्याकडचं तुम्हाला माहीत असावं, एवढंच.

सहा चेंडू थांबलात त्याची लाज बाळगू नका. मी तर त्या दुपारनंतरही सहा दिवस त्याच घरात होते. त्याच्या डब्यात पोळ्या भरत होते.

सलीलने दार बसवलं की तुम्हाला बोलवायला येईल. छान बसवेल, त्याचा हात चांगला आहे. जायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी त्यात काही सांगणार नाही. पण त्याला उत्तर देण्याआधी एक दिवस जाऊ द्या.

क्षमेचं मला अजून कळत नाही. नाही, असंही म्हणत नाही. या गोष्टी कागदावर आता पुरे झाल्या. उरलेलं तुम्ही माझ्यासमोर बसून सांगा, आणि मी सांगेन ते ऐका.

पुढच्या शनिवारी मला सुटी आहे. सकाळच्या बसने बडोद्याला येते. भक्तीताईंना कळवून ठेवा. जेवायला थांबेन की नाही, ते आल्यावर ठरवीन.

यशश्री